गुलाबभाईंचा मेमो

माझ्याकडे दोन कॉम्प्युटर आहेत, आणि दोन्हींच्या कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत. वहीच्या अर्ध्या पानाच्या, निळ्या शाईतल्या. तारीख, वेळ, काय काढलं, काय बसवलं, तपासलं की नाही, आणि खाली दोन सह्या. परवा इंटरनेटची तार बदलायला एक गृहस्थ आले होते. झाकण उघडं होतं, ते चिठ्ठ्या वाचून हसायलाच लागले. म्हणाले, बाई, हे काय रेल्वेचं मशीन आहे का? मी म्हटलं, हो, रेल्वेचंच आहे. आणि मग त्यांना गुलाबभाईंबद्दल सांगत बसले. बिचारे तार जोडायला आले होते, दोन चहा पिऊन गेले.

गुलाब मुलाणी. मूळचे कामशेतचे. रेल्वेत सिग्नल मेंटेनर होते आणि बहुतेक सगळी नोकरी लोणावळा ते तळेगाव एवढ्याच पट्ट्यात झाली. रिटायर झाल्यावर ते आणि शकीलाभाभी भांगरवाडीत आमच्या मागच्या गल्लीत राहायला आले. दुसरा मजला, आणि गॅलरीतून थेट रेल्वेलाइन. घर बघायला आले तेव्हा म्हणे त्यांनी खोल्या बघितल्याच नाहीत. गॅलरीत उभे राहिले, लांबचा सिग्नल दिसतोय याची खात्री केली, आणि हो म्हणून टाकलं. भाभी अजून त्या स्वयंपाकघराच्या नावानं बोटं मोडतात.

उंच, वाळलेला माणूस. शर्टाच्या खिशात पेन, छोटा स्क्रू ड्रायव्हर आणि शाळेतल्या मुलांकडे असतं तसं पांढरं खोडरबर. हे खोडरबर कशाला, याचं मला फार कुतूहल होतं. आमच्या हवेत पावसाळ्यात भिंतींना, चपलांना, लग्नातल्या शालूला, सगळ्याला ओल धरते. कॉम्प्युटरच्या आत रॅमची पट्टी असते, तिच्या सोनेरी दातांवरही थर बसतो. मशीन सुरू होत नाही, आणि लोक समजतात, गेलं. गुलाबभाई पट्टी काढायचे, दात खोडरबरानं हलक्या हातानं घासायचे, परत बसवायचे. मशीन उठून बसायचं. असे भांगरवाडीतले निदान दहा कॉम्प्युटर त्यांनी भंगारात जाण्यापासून वाचवले असतील. पावसाळ्यात तर दारोदार सांगत फिरायचे की वापरा नाहीतर नका वापरू, रोज अर्धा तास मशीन चालू ठेवा, अंगातली ओल निघू द्या.

लोक त्यांना बोलवायचे ते मात्र वेगळ्याच कामासाठी. घरचा कॉम्प्युटर बदलायचा का, बदलायचा तर केव्हा, आणि अख्खा की एखादाच भाग, हे ठरवायला. या बाबतीत त्यांचा शब्द आमच्याकडे शेवटचा होता. आणि गंमत बघा, दुनियेला केव्हा काय बदलायचं ते सांगणाऱ्या या माणसाला स्वतःचं एक साधं ठरवता येत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आले होते. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून दोन वर्षं झालेली. भाभींनी सांगून, रुसून, भांडून झालं होतं. विषय निघाला की गुलाबभाई म्हणायचे, चालतंय अजून. ज्या डोळ्यांच्या जिवावर नोकरी केली, रेल्वेच्या डॉक्टरांनी तपासून दर वेळी पास केले, ते डोळे हळूहळू विझत होते आणि हे खुशाल कानाडोळा करत होते.

माझी त्यांची ओळख माझ्या मशीनवरून झाली. मी घरी बसून छपाईची जुळणी करते. लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं, दशक्रियेची पत्रं, शिरगावच्या भंडाऱ्याची पत्रकं. माणसाचं सगळं आयुष्य माझ्या टेबलावरून जातं. तर माझा कॉम्प्युटर फार हळू चालायला लागला होता, आणि मी स्वभावानं तापट. नवीनच घ्यायचा असं मी ठरवून टाकलं होतं, नणंदेला फोनवर सांगूनही झालं होतं. गुलाबभाईंना बोलावलं ते फक्त कोणता घ्यायचा एवढं विचारायला.

आले, स्टूल ओढून माझ्या मागे बसले आणि म्हणाले, करा तुमचं काम. मी म्हटलं, मशीन बघा ना. तर म्हणाले, बघतोय. चाळीस मिनिटं हा माणूस माझ्या पाठीशी बसून होता. मला वाटलं स्क्रीन बघत असतील. मान वळवून पाहिलं तर माझे हात बघत होते. मध्येच मी कपाळाला हात लावला, त्यांनी घड्याळ पाहिलं. मला असा राग आला म्हणता! मी काय परीक्षेला बसले होते?

शेवटी त्यांनी विचारलं, काय अडतंय? मी म्हटलं, सगळंच.

"सगळं कधीच अडत नसतं ताई," ते म्हणाले. "काय पाहिजे ते नंतर सांगा. आधी काय अडतंय ते पंधरा दिवस लिहा."

आणि पिशवीतून एक चाळीस पानी वही काढून माझ्यापुढे ठेवली. मशीननं थांबवलं की लिहायचं. किती वाजता, काय करत होतात, किती वेळ थांबावं लागलं. बाकी शेरेबाजी नको. ही त्यांची पद्धत होती. ज्याच्या घरी जातील त्याला वही द्यायचे. वहीशिवाय ते पंखासुद्धा बदलत नसत.

मी चिडूनच लिहायला घेतली. पण लिहिता लिहिता मलाच कुतूहल वाटायला लागलं. पंधरा दिवसांत चौतीस नोंदी झाल्या. गुलाबभाईंनी त्या वाचल्या, एकेकीपुढे खुणा केल्या आणि निकाल सांगितला. निम्म्याहून जास्त वेळा मी थांबले ती मशीन सुरू होताना किंवा जुनी पत्रिका उघडताना. म्हणजे डिस्क थकली होती. सहा वेळा प्रिंटर अडला होता, त्यात कॉम्प्युटरचा काही दोष नव्हता. पाच वेळा वीज गेली होती. आणि चार वेळा मी रागानं तेच बटण तीनदा दाबलं होतं, म्हणून त्यानं तेच काम तीनदा केलं होतं. हे सांगताना ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकारच. नवीन मशीन नको, फक्त जुनी डिस्क काढून नव्या प्रकारची बसवा, म्हणाले. खरं सांगते, मी नाराज झाले. नवीन घ्यायची मनाची तयारी करून बसलेल्या बाईला डिस्क बदला म्हणणं म्हणजे शालू घ्यायला नेऊन ब्लाउजपीस हातात ठेवण्यासारखं.

त्या दिवशी पहिल्यांदा मेमो पाहिला. रेल्वेत कुठलाही सिग्नल किंवा गाडीला रूळ बदलून देणारा सांध्याचा पॉइंट दुरुस्तीला उघडायचा असेल तर मेंटेनर आधी स्टेशन मास्तरला लिहून देतो की अमुक वाजल्यापासून अमुक वस्तू बंद. त्याला म्हणतात डिस्कनेक्शन मेमो. मास्तरची सही झाली की मग स्क्रू ड्रायव्हर. काम झालं, तपासलं, की दुसरा मेमो, रिकनेक्शनचा. आता वापरा म्हणून. सही नसताना कुणी स्क्रू ढिला केला तर नोकरी जाते, आणि नोकरी जाणं ही त्यातली लहान गोष्ट, असं गुलाबभाई सांगायचे. घरच्या कॉम्प्युटरलाही त्यांनी हाच नियम लावला होता. सगळ्या फाइली दुसरीकडे उतरवून घेतल्या का, ते विचारायचे, मेमो लिहायचे, आणि मशीनवर जो सगळ्यात जास्त बसतो त्याला स्टेशन मास्तर करून त्याची सही घ्यायचे. पुष्कळ घरांत नवरा पेन काढून पुढे यायचा. गुलाबभाई शांतपणे विचारायचे, रोज कोण बसतं? मग नवऱ्याला पेन बायकोच्या हातात द्यावं लागायचं.

नवी डिस्क बसली आणि माझी पंचाईत झाली. पूर्वी मी बटण दाबून चहा टाकायला जात असे. आता मशीन माझ्याआधी तयार होऊन बसायचं, आणि माझा सकाळचा निवांत चहा गेला तो गेलाच.

बेडसे गावाचा किस्सा तर मी स्वतः पाहिला, कारण तिकडे एका पत्रिकेचा मजकूर आणायला मला जायचं होतं आणि आम्ही एकाच रिक्षातून गेलो. तुकाराम आबांचं घर. भातशेती, मुलगा नवलाख उंबऱ्याला कारखान्यात, आणि सून संगीता घरच्या कॉम्प्युटरवर गावातल्या बायकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायची. मशीन दुपारी आपोआप बंद पडायचं. मुलाचं म्हणणं, जुनं झालं, फेका, नवं घेऊ. आबाही त्याच मताचे.

"लय गरम व्हतंय बगा," आबा म्हणाले. "मंग आपसूक बंद. आमी म्हनलं, म्हातारं झालं आसंल."

गुलाबभाईंनी मशीनला हात लावायच्या आधी खोलीभर नजर फिरवली. टेबलाच्या डाव्या अंगाला इंद्रायणी भाताची पोती थप्पीला लावलेली, पलीकडे कणगी. त्यांनी कॅबिनेटच्या मागे तळहात धरला, मग नाकाजवळ नेऊन वास घेतला. संगीताची सही घेऊन कॅबिनेट अंगणात आणलं आणि उघडलं. आत पंखा दिसतच नव्हता. कोंडा आणि भुसा यांचा नुसता गालिचा पसरला होता.

"आबा, भात झोडताना तुम्ही तोंडाला फडकं बांधता ना?" गुलाबभाईंनी विचारलं.

"व्हय, त्याबिगर दम लागतोय."

"मग याला कोण बांधणार?"

ब्रशनं साफ केलं आणि टेबल खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेलं. मुलगा म्हणाला, पंखाही नवा टाकूया की. गुलाबभाई नाही म्हणाले. एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशानं आला ते कळत नाही, आणि बिघडलं तर कशानं बिघडलं तेही कळत नाही. वही दिली आणि आम्ही परत आलो. पंधरा दिवसांनी आबा बाजाराला आले तेव्हा वही घेऊन आले. आत एक ते दहाचे पाढे.

"लिवायला काय घडंचना," आबा म्हणाले. "म्हून नातीनं पाडं लिवलं."

गुलाबभाईंनी ते पाढे शेवटपर्यंत तपासले. सातच्या पाढ्यात एक चूक सापडली, तिथे खूण केली आणि वही परत पाठवली.

पण याच बेडशात माझ्या मनात पाल चुकचुकली होती. पंखा घट्ट करताना ते स्क्रू बघत नव्हते, बोटानं चाचपत होते. एक तार हातात धरून मला विचारलं, ताई, ही पिवळी ना? मला वाटलं माझी परीक्षा घेतायत. ती पांढरी होती. मी तसं सांगितलं तर म्हणाले, हां, पांढरीच. येताना रिक्षातून उतरताना पायरी चुकली, तर रस्त्याला नावं ठेवली. मी घरी येऊन भाभींना सांगितलं. त्या म्हणाल्या, मला काय सांगता, मी रोज बघते. चहात साखरेऐवजी मीठ घातलं, आणि चूक कळू नये म्हणून तो चहा पिऊन टाकला या माणसानं.

पुढे माझ्या मशीनची वेळ खरोखरच आली. त्याच्या जुन्या विंडोजचे अपडेट बंद होणार होते आणि नवी आवृत्ती त्या जुन्या प्रोसेसरवर चालत नव्हती. या वेळी मी न सांगता वही लिहून ठेवली होती. गुलाबभाईंनी ती वाचली आणि पहिल्यांदा म्हणाले, आता बदला. पण एक घोळ होता. माझं पत्रिका जुळवायचं सॉफ्टवेअर जुन्या काळातलं, त्याची कुलपासारखी खुंटी मागच्या बाजूला लावावी लागते, आणि नव्या मशीनला तसली जागाच नसते. वीस वर्षांच्या पत्रिका त्यात अडकलेल्या. गुलाबभाई म्हणाले, जुनं मशीन साइडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभं करू. इंटरनेट काढून टाकायचं, फक्त जुन्या फाइलींसाठी ठेवायचं. नवं शेजारी उभारायचं. आणि नवं चालल्याशिवाय जुन्याला हात लावायचा नाही. इतकं साधं होतं, पण मला चार महिने सुचलं नव्हतं.

नव्या मशीनचे भाग आणले. जोडणी ते स्वतः करणार होते. सकाळी अकराचा मेमो लिहिला, मी मास्तरची सही केली. प्रोसेसर म्हणजे बिस्किटाएवढा चौकोन, आणि तो ज्या खोबणीत बसतो तिच्यात केसासारख्या बारीक शेकडो पिना उभ्या असतात. वरून सरळ, अलगद टेकवायचा असतो. गुलाबभाईंनी मान तिरकी केली, एक डोळा मिटला, हात खाली नेला, आणि एक कोपरा आधी टेकला. काही आवाज झाला नाही. त्यांनी सगळं जोडलं, बटण दाबलं. पंखा फिरला, पण स्क्रीन काळाच राहिला.

परत सगळं उतरवलं. ते बराच वेळ खोबणीवर वाकून बघत होते. मग सरळ होऊन मला म्हणाले, फोननं फोटो काढा आणि मोठा करा. मी मोठा केला. दोन पिना आडव्या झाल्या होत्या. मला दिसत होत्या, त्यांना फोटोतही दिसत नव्हत्या. मी बोट ठेवून दाखवल्या.

"ताई, माझ्याकडून मोडलं," ते म्हणाले.

मी म्हटलं, असू द्या हो, होतं असं, जुनं चालतंय ना. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून माझा राग कुठच्या कुठे गेला. त्यांनी मेमोचा कागद ओढला आणि लिहिलं, काम अपूर्ण. दोष, दोन पिना वाकल्या. मग पेन थोडा वेळ तसंच धरून बसले. पुढे लिहिलं, कारण, मेंटेनरला दिसलं नाही. सही केली, खोडरबर आणि स्क्रू ड्रायव्हर खिशातून काढून माझ्या टेबलावर ठेवलं आणि निघून गेले. तेवढ्या वर्षांत मी त्यांना रिकनेक्शन न लिहिता, मेमो उघडा टाकून जाताना पाहिलं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी कुणाच्याही घरी जाणं बंद केलं. बोलावणं आलं तर भाभींना सांगायचे, नाही म्हणून सांग. मला वाटलं होतं, एवढं झाल्यावर तरी ऑपरेशनला तयार होतील. कसलं काय! दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे.

तीन-चार आठवड्यांनी एका सकाळी शकीलाभाभी माझ्याकडे आल्या. पदराखाली चाळीस पानी वही.

"सुनंदाताई, हे नीट छापून द्या," त्या म्हणाल्या. "अक्षर मोठ्ठं. यांना स्वतः वाचता आलं पाहिजे."

मी वही उघडली आणि बघतच राहिले. बाईंनी नवऱ्याची वही लिहिली होती. पंधरा दिवस, त्यांच्याच पद्धतीनं. वार, वेळ, काय करत होते, कुठे अडलं. शेरा एकही नाही. सोमवार, सुईत दोरा ओवायला गेले, तीनदा चुकला, मला हाक मारली नाही, बटण नसलेला शर्ट घातला. बुधवार, बाजारात निळी साडी बघून दुसऱ्याच बाईच्या मागे चालत गेले. शनिवार, भाचीचा फोटो उलटा धरून छान आहे म्हणाले. वाचता वाचता मला हसू येत होतं आणि पुढच्याच ओळीला ते विरत होतं. शेवटची नोंद अशी होती. शुक्रवार, संध्याकाळी साडेपाच, गॅलरीत. मी विचारलं, सिग्नल लाल आहे ना? हो म्हणाले. हिरवा होता.

मी भाभींकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग त्यांनी मला जे सांगितलं ते गुलाबभाईंनी आम्हाला कुणाला कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या वडिलांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, फार पूर्वी, एका शिबिरात. ते फसलं. त्यानंतर कामशेतच्या घरी ओट्यावर बसून ते अकरा वर्षं विचारायचे, कोणती गाडी गेली रे? आणि शाळेतून आलेला गुलाब सांगायचा, मालगाडी, पॅसेंजर, मेल. चालतंय अजून, असं हा माणूस का म्हणतो, ते मला त्या दिवशी कळलं. भीतीच वाटत होती त्यांना, दुसरं काही नाही.

मी ती सगळी वही केवढ्या तरी मोठ्या अक्षरात जुळवली. खाली स्वतःच्या अकलेनं एक कोरा मेमो छापला. डिस्कनेक्शन. वस्तू, वेळ, मेंटेनर, स्टेशन मास्तर. संध्याकाळी आम्ही दोघी गॅलरीत त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिलो. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि वाचायला लागले. अक्षर बरं आहे म्हणाले. शुक्रवारच्या ओळीवर त्यांचं बोट बराच वेळ थांबलं. त्यांनी मान वर करून लाइनकडे पाहिलं, तिथे त्यांना काय दिसलं कोण जाणे.

"एकूण किती वेळा अडलं?" त्यांनी विचारलं. आम्हा सगळ्यांना विचारायचे तसंच.

"बेचाळीस," भाभी म्हणाल्या.

"वीज किती वेळा गेली होती?"

"एकदाही नाही."

गुलाबभाई हसले. मग म्हणाले, एका वेळी एकच. दोन्ही एकदम नाही. भाभी म्हणाल्या, डॉक्टरही तेच सांगतायत दोन वर्षं, कुणी ऐकलंय? त्यांनी मेमो खुर्चीच्या हातावर ठेवून भरला. वस्तू, उजवा डोळा. मेंटेनरच्या जागी त्यांनी डॉक्टर असं लिहिलं आणि मास्तरच्या जागेकडे बघत राहिले. या मशीनवर रोज कोण बसतं, असा मी प्रश्न केला, तेव्हा त्यांनी पेन भाभींच्या हातात दिलं. शकीला गुलाब मुलाणी, अशी घोटीव सही त्यांनी केली.

ऑपरेशन तळेगावला झालं. त्या दिवशी माझं कामात लक्ष नव्हतं, एका पत्रिकेत मी नवरदेवाच्या जागी नवरदेवाच्या मामाचं नाव टाकलं होतं. दुपारी भाभींचा फोन आला, नीट झालं म्हणाल्या, पण पट्टी उद्या निघेल. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. त्यांनी पहिल्यांदा काय पाहिलं, ते मला माहीत नाही, ते त्या दोघांचं. मला एवढंच कळलं की घरी आल्यावर काळा चष्मा लावून ते गॅलरीत गेले आणि भाभींनी न विचारता सिग्नलचा रंग सांगायला लागले. लाल. लाल. पिवळा झाला बघ. पाऊण तास हे चाललं होतं, शेवटी भाभींनी जेवायला वाढलं तेव्हा आत आले.

दीड महिन्यानं डॉक्टरांनी नवा चष्मा दिला आणि बारीक कामाला परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबभाई माझ्या दारात. हातात भाभींच्या शिवणाच्या डब्यातली सुई.

"तुमचा मेमो उघडा आहे," ते म्हणाले.

खिडकीजवळ टेबल ओढलं. नव्या मशीनचा बोर्ड तसाच डब्यात होता, मी त्याला हात लावला नव्हता. ते खोबणीवर वाकले. आता मान तिरकी नव्हती. सुईच्या टोकानं एक पिन अगदी एवढीशी उचलली, थांबले, बघितलं, परत एवढीशी. बाहेर एक मालगाडी गेली, खिडकीची तावदानं थरथरली, तेव्हा हात उचलून गाडी पूर्ण जाईपर्यंत थांबले. भाभी दाराशी उभ्या होत्या, चप्पलसुद्धा न काढता. दुसरी पिन उभी राहिली. त्यांनी प्रोसेसर सरळ, अलगद टेकवला, सगळं जोडलं आणि मला म्हणाले, बटण तुम्ही दाबा, मास्तर तुम्ही आहात.

मी दाबलं. पंखा फिरला. आणि स्क्रीन उजळला.

पुढे दोन महिन्यांनी डावा डोळाही झाला. मग ती दोघं मुलीकडे कराडला राहायला गेली, तिच्या बाळंतपणाला म्हणून, आणि तिथलीच झाली. आता फोनवर बोलणं होतं. तिथेही वह्या वाटायला सुरुवात केलीय असं भाभी सांगतात. मला मात्र गुलाबभाई म्हटलं की तेच दिसतात, माझ्या खिडकीशी, चष्म्यातून सुईच्या टोकाकडे बघणारे. त्या सकाळी जाताना टेबलावरचं खोडरबर त्यांनी परत खिशात घातलं होतं.

त्या दिवशीचा मेमो नव्या मशीनच्या झाकणाला आतून चिकटवलेला आहे. त्या तारवाल्या गृहस्थांना मी तोच शेवटी दाखवला, तेव्हा ते हसायचे थांबले. वर तारीख, वेळ सकाळी अकरा वीस. दोष, दूर झाला. कारण, मेंटेनरला दिसलं. खाली त्यांची सही, आणि तिच्या शेजारी माझी.